उजवा गाल दाबून धरा

चूळ भरली आणि पाणी डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर सांडलं. वाटलं, झोप उतरली नाही अजून. पुन्हा पाणी घेतलं, ओठ घट्ट मिटले, निदान मिटले असं मला वाटलं, आणि पाणी पुन्हा सांडलं. माय चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं आणि तिचा हात परातीतच राहिला.

"असं तोंड कामून करायलास?" ती म्हणाली.

मी काहीच करत नव्हतो. तेच सांगायला गेलो तर निम्मे शब्द हवेतच गेले. भिंतीवरचा आरसा काढून उजेडात नेला. उजवा अर्धा चेहरा माझा होता, पंचवीस वर्षांचा, रागीट, ओळखीचा. डावा अर्धा कुणीतरी ओल्या मातीनं लिंपून तसाच सोडून दिल्यासारखा. भुवई उठत नव्हती, डोळा मिटत नव्हता, गाल लोंबत होता आणि सगळं तोंड उजवीकडे ओढलं गेलं होतं.

ज्यांच्यावर अशी सकाळ आली आहे त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. असं कुणाचं लिहिलेलं तेव्हा माझ्या हाती पडलं असतं, तर माझे सहा आठवडे वाया गेले नसते. मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे. मधेच आवाज चढला तर सांभाळून घ्या.

*

आमचं गाव पूर्णा जंक्शनपासून पायी तासाभरावर. वडील रेल्वेत गँगमन होते. सभांना जायचे आणि तिथली पत्रकं घडी करून खिशातून आणायचे. शाळेत जायच्या आधी मी त्या पत्रकांवरून वाचायला शिकलो. ते गेले तेव्हा मी कॉलेजात होतो आणि स्वतः पत्रकं लिहायला लागलो होतो. विद्यापीठाच्या नावाची लढाई सुरू होती. जळालेल्या वस्त्यांतल्या राखेत भांडी शोधणारी माणसं मी पाहिली होती. त्यानंतर गप्प बसणं मला जमलं नाही. गावोगाव सभा व्हायच्या आणि बोलायला मला बोलवायचे. माझ्याकडे शेत नव्हतं, नोकरी नव्हती. तोंड होतं.

त्या सकाळच्या दोन दिवस आधी आम्ही गंगाखेडहून राणीसावरगावपर्यंत टेम्पोत उभे राहून लाउडस्पीकरवर घोषणा देत गेलो होतो. माघाचा वारा अंगावर येत होता. डाव्या कानामागं ठणकत होतं. ते मी थंडीवर ढकललं.

गावातल्या डॉक्टरांनी लांबूनच बघून अर्धांगवायू सांगितला. ते ऐकून मायनं भिंतीला पाठ टेकली. उत्तम, म्हणजे माझा मित्र आणि आमच्या सगळ्या सभांची जुळवाजुळव करणारा, मला परभणीला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी हात वर करायला लावले, चालायला लावलं, कपाळाला आठ्या घालायला लावल्या. मग म्हणाले, अर्धांग नाही, मेंदूला काही झालेलं नाही. चेहरा हलवणारी शीर कानामागून येते, ती सुजली आहे. बहुतेकांचं महिन्या-दोन महिन्यांत जागेवर येतं. काहींना जास्त वेळ लागतो. थोड्यांचं तसंच राहतं.

"मी कशात?" मी विचारलं.

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि शेवटच्या खोलीकडे बोट केलं.

*

त्या खोलीला सगळे शेकाची खोली म्हणायचे. एक म्हातारा शेतकरी हनुवटीखाली पट्टा बांधून खुर्चीत बसलेला, पट्ट्याची दोरी कप्पीवरून मागं गेलेली आणि तिला वाळूची पिशवी टांगलेली. त्याच्या मानेतली कळ त्यानं कमी होत होती. एक बाई पातळ केलेल्या गरम मेणात आखडलेला पंजा बुडवून बसलेली. एक मास्तर भिंतीला तोंड करून उभे होते आणि बोटांनी भिंतीवर मुंगीसारखे वर चढत होते, खांदा वर जावा म्हणून. कुणी कण्हत होतं, कुणी दात खाऊन गप्प होतं. या सगळ्यांवर एकच बाई होती. हैदराबादला शिकून आलेली, तिशीची. तिला सगळे आपा म्हणायचे.

आपानं माझ्या गालावर आधी लाल दिव्याचा शेक दिला. मग मिठाच्या पाण्यात भिजवलेली पट्टी मानेखाली ठेवली आणि पेनासारखी कांडी गालावर टेकवली. करंट सुरू झाल्यावर तोंडात तांब्याची चव आली, डोळ्यापुढं चमकलं, आणि माझा मेलेला गाल गोगलगायीसारखा हळूच आक्रसला. मला ते आरशात दिसलं. मी म्हणालो, हललं.

"ते मशीननं हलवलं, भाई," आपा म्हणाली. "तुम्ही नाही."

मग तिनं व्यायाम शिकवले. भुवया उचलायच्या, डोळे मिटायचे, गाल फुगवायचे, शीळ घालायची, आणि हसायचं. आरशापुढं, सावकाश, दिवसातून तीनदा, प्रत्येक गोष्ट दहा वेळा. हे करताना उजव्या गालावर तळहात दाबून धरायचा. तेही तिनं सांगितलं होतं, मला ते किरकोळ वाटलं. उघड्या डोळ्याला धूळ लागू नये म्हणून काळा चष्मा घालायचा, झोपताना पट्टी लावायची.

हसायचा व्यायाम मला सगळ्यात जड गेला. आरशात बघून मी आयुष्यात कधी हसलो नव्हतो. आता हसलो की उजवीकडून दात दिसायचे आणि डावीकडून लाळ.

*

पहिल्या पंधरा दिवसांत सगळी वस्ती येऊन बघून गेली. काशीकाकू, माझी चुलती, रोज यायची. ती आधी जायफळ घेऊन आली, तोंडात धर म्हणून. मग एकदा मायच्या जवळ बसून, मला ऐकू जाईल असं, म्हणाली की हे थंडी-वाऱ्याचं काम न्हाई. थोबाडीत बसल्यावाणी दिसतंय. कुणाच्या हाताची हाय ते तुला म्या सांगायला पायजे का.

तिचा रोख मरीआईवर होता. धर्मांतराच्या वेळी मायनं घरातले सगळे देव टोपलीत घालून पूर्णेच्या पात्रात सोडले होते. तेव्हा मी तिच्या पोटात होतो. काकूचा हिशेब सरळ होता. देवी पंचवीस वर्षं थांबली, पोटातलं पोर बोलायला लागलं, देव-धर्मावर तोंड टाकायला लागलं, तेव्हा तिनं बरोबर तिथंच हात घातला.

मी चिडलो. शीर सुजते, देवी कशी मारेल, असं काहीतरी बोलायला लागलो. शब्दांतून हवा फुसफुसत होती. काकू माझ्याकडे न बघता उठून गेली. मी मायवरच ओरडलो, की तू तरी असं मानू नको. तिनं पदरानं माझ्या हनुवटीवरची लाळ पुसली, तेव्हा मी थांबलो.

"देव सोडले ते म्या माज्या हातानं," ती म्हणाली. "तवा भ्या वाटलं न्हाई. आता वाटायलंय."

पुढच्या बाजारी तिनं एक काळी कोंबडी आणली आणि दाराजवळ सुतळीनं बांधली. मला तिनं साफ सांगितलं. आषाढात मरीआईची जत्रा असते. तोवर तुझ्या करंटवालीचं बघू. तोंड आलं नाही तर मी कोंबडी घेऊन देवीच्या ठाण्यावर जाणार, आणि तू आडवा यायचं नाही.

आमच्या वस्तीत तीस घरं. सगळी बुद्धाची झालेली, पण सगळी निर्धास्त झालेली नव्हती. घरोघरी कुणी ना कुणी आजारी असतं, प्रत्येकाच्या मनात तो शेंदराचा दगड थोडा शिल्लक असतो. आमच्या मायनं सगळ्यांच्या आधी देव सोडले होते. ती परत गेली असती तर तिच्यामागं दहा घरं गेली असती, आणि मी कुठल्या तोंडानं सभेत उभा राहिलो असतो? मी कबूल झालो. माझ्या डाव्या गालाला पाच महिन्यांची मुदत मिळाली.

*

दवाखान्यातल्या दहा वेळांनी मुदतीत काय होणार, असं मला वाटलं. कुठलीही मागणी दहा वेळा करून मिळालेली मी पाहिली नव्हती. म्हणून मी गावाबाहेरच्या बांधावर जाऊन दोनदोनशे वेळा करायला लागलो. व्यायाम म्हणून घोषणाच द्यायचो, पूर्ण ताकदीनं, गळ्याच्या शिरा तटतटेपर्यंत. उजव्या गालावर हात ठेवायला कुठून आठवणार? घोषणा देताना हात वर असतो.

त्याच सुमारास पूर्णेला सभा होती. उत्तम म्हणाला, या वेळी राहू दे. मी ऐकलं नाही. काळा चष्मा घालून उभा राहिलो आणि सुरुवातीलाच "जय भीम" म्हणालो. भ निघाला नाही. ओठ मिटतच नव्हते, तर निघणार कुठून? भोंग्यातून नुसती फुंकर बाहेर पडली. मागं कुणीतरी हसलं. ते आमचंच पोर होतं, आमच्यातलंच, म्हणून ते मला जास्त लागलं. दोन वाक्यांनंतर उत्तमनं माईक माझ्या हातातून काढून घेतला. हळूच घेतला. म्हणाला, "तू लिहीत जा, मी वाचत जाईन."

मी घरी येऊन एक वेडेपणा केला. ज्या अक्षरांना ओठ मिटावे लागतात ती सोडून भाषण लिहायला बसलो. चार ओळी झाल्या नाहीत. माणूस लिहिता येईना, पाणी लिहिता येईना, भाकर, पुस्तक, बाप, माय, काहीच. आम्ही जे जे मागत होतो ते सगळं मिटलेल्या ओठांच्या पलीकडे होतं. कागद फाडला. उत्तमशी बोलणं टाकलं.

सहा आठवड्यांनी आपानं मला उन्हात खिडकीपाशी उभं केलं आणि म्हणाली, हसा. मी हसलो. ती बराच वेळ बघत राहिली. तोंड आधीपेक्षा जास्त उजवीकडे गेलं होतं.

"किती वेळा करता?"

मी अभिमानानं सांगितलं.

ती स्टुलावर बसली. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. "भाई, तुम्ही ज्याच्यात ताकद आहे त्यालाच रोज कसरत देताय. जितका जोर लावाल तितका उजवा गालच सगळं आपल्याकडे ओढणार. डाव्याला उठायला जागाच नाही राहत." तिनं आपला तळहात माझ्या उजव्या गालावर ठेवला आणि दाबला. "ह्याला बसवा. धरून ठेवा. मग दुसऱ्याला सांगा, उठ म्हणून. हळू सांगा. हा मोर्चा नाही."

हेच मी दहा पत्रकांत लिहिलं होतं. बळकटाला आवरल्याशिवाय दुबळ्याला उभं राहता येत नाही, म्हणून आम्हाला राखीव जागा हव्यात, असं मी गावोगाव ओरडत होतो. आणि माझ्याच तोंडात मी सहा आठवडे त्याच्या उलट करत होतो. मला आपाचा राग आला, कारण तिनं ते पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

*

त्यानंतर मी दवाखान्यात जाणं सोडलं. अकरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. जेवताना घास डाव्या गालात साचायचा, तो बोटानं काढावा लागायचा, म्हणून कुणासमोर जेवत नव्हतो. डोळा आगीसारखा लाल झाला होता. एका दुपारी पूर्णेच्या फलाटावर जाऊन बसलो. गाड्या येत होत्या, जात होत्या. मी कुठल्याच गाडीत चढलो नाही, आणि रुळांकडे मात्र बघत राहिलो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो, की अशा आजारात तो विचार येतो, आणि तो आला तर कुणाला तरी सांगा. मी सांगितलं नाही. एक ओळखीचा गँगमन वडिलांचं नाव घेऊन शेजारी बसला, त्यानं तंबाखू मळली, मला घरापर्यंत सोडलं.

त्यानं मायला काय सांगितलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ती मला न सांगता एकटी पूर्णेला गेली, आगगाडीत बसली, परभणीला उतरली. आयुष्यात पहिल्यांदा एकटी. आपापुढं जाऊन तिनं विचारलं, माझ्या लेकराचं तोंड येईल का, खरं सांग. हे मला नंतर आपानं सांगितलं. आपा तिला म्हणाली होती, मला माहीत नाही, माय. शपथेवर सांगते, नाही माहीत. पण करून बघितल्याशिवाय सोडू नका.

माय सांगते, तिला त्या उत्तराचा विश्वास वाटला. काकू छातीठोक सांगत होती, गावचा डॉक्टर छातीठोक सांगत होता. माहीत नाही असं म्हणणारं पहिलंच माणूस तिला भेटलं होतं.

मी पुन्हा दवाखान्यात जायला लागलो, आणि त्या दिवसापासून भाकरी झाल्या की माय माझ्यासमोर बसायची. तिचा तळहात खुरप्यानं आणि राखेनं खरखरीत झालेला. तो ती माझ्या उजव्या गालावर ठेवायची आणि म्हणायची, हां, उठीव आता. मी उठवायचो. काही उठायचं नाही. ती दहापर्यंत मोजायची आणि हात काढायची. मी अकराव्यांदा करायला गेलो तर हातावर चापट मारायची. "बाई धा म्हणली."

वैशाख गेला. काही नाही. कोंबडी दाराजवळ दाणे टिपत होती. मी तिच्याकडे बघणं टाळायचो.

ज्येष्ठात एका सकाळी मायनं हात ठेवला आणि मी ओठ ओढला. ती मोजता मोजता थांबली. "काय तरी हललं," ती म्हणाली. मला काहीच जाणवलं नव्हतं. आपानं दोन दिवसांनी बघितलं. मशीन बंद होतं, कांडी बाजूला होती, आणि ओठाचा कोपरा ज्वारीच्या दाण्याएवढा वर गेला. आपानं मेणात हात बुडवून बसलेल्या बाईला हाक मारली आणि दाखवलं.

*

आता जे सांगायचं ते इथंच सांगतो, कारण पुढं विसरेन.

डोळा जपा. तोंड वाकडं राहिलं तर माणूस जगतो, डोळा गेला तर परत येत नाही. शेक आपल्या मनानं देऊ नका, बधिर कातडी भाजते आणि कळत नाही. करंटनं गाल हलला म्हणून पेढे वाटू नका. दहा सांगितले तर दहाच करा. आणि चिडून, जोर लावून काही करू नका. हे मी सांगतो आहे, ज्याला चिडण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

मी पूर्ण बरा झालेलो नाही. ओठ मिटले की डावा डोळा आपोआप थोडा मिटतो. शीर पुन्हा वाढताना तिचे काही धागे चुकीच्या जागी जाऊन बसले, असं आपा म्हणते. सभेत बायकांना वाटतं मी डोळा मारतो. उत्तमशी माझं बोलणं पुन्हा सुरू झालं आहे, तो आधीच सांगून ठेवतो, की वक्त्याचा स्वभाव तसा नाही. विद्यापीठाला नाव अजून मिळालेलं नाही. मी पुन्हा बोलतो आहे, पण पूर्वीपेक्षा हळू.

*

आषाढातला जत्रेचा दिवस आला तेव्हा एवढंही झालेलं नव्हतं. ओठ दाण्याएवढा उठत होता, बस्स. डोळा निम्मा मिटत होता. पाणी अजून सांडत होतं. हे तोंड आलं म्हणायचं की नाही, हे ठरवणं मायच्या हातात होतं. मी आडवा यायचं नाही असं कबूल झालो होतो, आणि मी कोपऱ्यात बसून राहिलो.

सकाळीच काशीकाकू ताट घेऊन दारात उभी राहिली. हळद, कुंकू, लिंबं, हिरवी चोळी. तिच्यामागं वस्तीतल्या चार-पाच बाया. त्या आत आल्या नाहीत. मायकडे बघत होत्या. डफाचा आवाज ठाण्याकडून येत होता.

माय उठली. तिनं हात धुतले. मला वाटलं, कोंबडी सोडायला चालली. ती माझ्यासमोर येऊन बसली.

"म्हण," ती म्हणाली.

काय म्हणायचं ते मला कळलं. वस्तीत वंदना म्हणायला मीच असायचो, आणि पाच महिने ती कुणी म्हटली नव्हती. मी ओठ मिटायला गेलो. बायांसमोर, काकूसमोर, ब फुसकन निघून गेला. काकूनं ताट या हातातून त्या हातात घेतलं.

मायनं माझ्या उजव्या गालावर तळहात ठेवला आणि दाबला. एवढ्या जोरानं तिनं कधी दाबला नव्हता. "घाई न्हाई," ती म्हणाली. "आता म्हण."

मी डाव्या ओठाला उठ म्हणालो. हळू म्हणालो. ओठ ओठाला लागला.

"बुद्धं सरणं गच्छामि."

आवाज बारीक होता, पण शब्द पूर्ण होता. ब होता, म होता. मायनं हात काढला नाही. मी पुढचं म्हणालो, धम्मं, संघं, आणि पुन्हा पहिल्यापासून, तीन वेळा जसं म्हणतात तसं. बाहेरच्या बायांतल्या एकीनं दुसऱ्या वेळी माझ्याबरोबर म्हटलं. तिसऱ्या वेळी दोघींनी.

काकू तशीच उभी होती. तिला राग आला नव्हता. ती घाबरली होती, आमच्यासाठीच. शेवटी ती म्हणाली, "आन् कोंबडी?"

मायनं दाराकडे मान वळवली. सुतळी केव्हाच सुटली होती. गेल्या आठवड्यापासून कोंबडी कणगीमागं पिसं फुलवून नऊ अंड्यांवर बसली होती, जवळ गेलं की चोच मारत होती.

"खुडूक हाय ती, काशे," माय म्हणाली. "आता उठवता येत न्हाई. तू जा."

तिचा हात अजून माझ्या गालावरच होता.